टनांत न मावलेलं मँगनीज

पांढुर्णा आणि सौसर हे तालुके २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळे निघाले आणि नव्या जिल्ह्याला नाव मिळालं पांढुर्ण्याचं. भूविज्ञानात मात्र सौसरचा मान मोठा. नागपूर, भंडारा, बालाघाट आणि छिंदवाडा या भागांतल्या मँगनीजवाहक प्राचीन खडकांना ‘सौसर’ समूह म्हणतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे लुईस ली फर्मोर यांनी १९०९ साली या खनिजावरचा जाडजूड ग्रंथ काढला. त्यात कच्चीढाणा, सीतापार अशी इथली गावं आहेत, आणि गोंडांवरून ‘गोंडाइट’ असं नाव दिलेला खडकही आहे. सीतापारवरून त्यांनी एका खनिजाचं बारसं केलं. पुढे ते आधीच ठाऊक असलेलं बिक्सबाइट निघालं, आणि गावाचा तो मान गेला. ग्रंथ निघण्याआधी मँगनीजचे भाव मात्र चढले होते. १९०५ च्या उठावांनी रशियाचा माल अडला आणि मध्य प्रांताच्या खनिजाला विलायतेत मागणी आली. तेव्हापासून हिशेब टनांचा आणि टक्केवारीचा. उंची ढेकळं रेल्वेवर आणि चुरा ढिगावर. माझं म्हणणं एवढंच की पाण्यात धातूचं काय होतं हे खनिजाच्या वजनापेक्षा त्याच्या पृष्ठभागावर जास्त ठरतं, आणि म्हणून टनांत लिहिलेला हा इतिहास अर्धाच आहे.

पाण्यात विरघळलेलं मँगनीज हवेतल्या प्राणवायूनं फार सावकाश ऑक्साइड बनतं. काही जिवाणू तेच काम कितीतरी पटींनी लवकर उरकतात आणि स्वतःभोवती काळपट, अतिशय बारीक ऑक्साइडचा थर चढवतात. अशा ताज्या ऑक्साइडच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग शंभर चौरस मीटरच्याही वर जाऊ शकतो. त्यावर बहुधा ऋण भार असतो, त्यामुळे शिसं, तांबं, जस्त त्याला घट्ट चिकटतात. आर्सेनिकचं जास्त विषारी रूपही तिथे कमी विषारी होतं. जिवाणूची नुसती भिंतसुद्धा धातू धरते, कारण तिच्यावरचे कार्बोक्सिल आणि फॉस्फेट गट धन भाराच्या कणांना ओढून घेतात.

कुणी म्हणेल, सौसरचं खनिज म्हणजे भट्टीत भाजल्यासारखा टणक, स्फटिकी ब्राउनाइट. त्याला एवढा पृष्ठभाग कुठून? हरकत रास्त आहे. खाणीतल्या ढेकळाला हे गुण चिकटवणं चूकच, आणि खाणीचा ढीग पाणी शुद्ध करतो असं तर मुळीच म्हणता येणार नाही. पण ढेकूळ उन्हापावसात झिजतं, त्यातलं थोडं मँगनीज विरघळतं आणि पुन्हा साका होऊन बसतं. या दुसऱ्या जन्मात त्याचा पृष्ठभाग वाढतो. आणि ते मधल्या काळात विहिरीत उतरलं तर मँगनीज हेच प्रदूषण ठरतं: भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम ही त्याची स्वीकार्य मर्यादा आहे.

सौसरला धातू जमिनीतून वर आला. तिथल्याच संत्र्यांच्या बागांत तो पोत्यातून येतो. डिंक्या रोगावर बुंध्याला लावायच्या बोर्डो मलमासाठी मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, एका भांड्यात आणि कळीचा चुना दुसऱ्यात भिजवून दोन्ही एकत्र ओततात, मग लोखंडी खिळा किंवा विळा बुडवून बघतात. लोखंडावर तांबूस पुट चढलं तर तांबं अजून मोकळं आहे, चुना वाढवायचा. पृष्ठभागावर धातू बसतो की नाही याची ही शुद्ध परीक्षा आहे, आणि ती करणाऱ्याला प्रयोगशाळेची गरज पडत नाही. झाडावरून ओघळलेलं तांबं काळ्या मातीच्या चिकण कणांवर आणि तिच्यातल्या सेंद्रिय अंशावर अडकतं.

मग चिंता कशाची, असा दुसरा आक्षेप येतो. अडकलेला धातू कायमचा अडकत नाही, हे त्याचं उत्तर. तळ्याच्या किंवा बंधाऱ्याच्या गाळात प्राणवायू संपला की शेवानेलासारखे जिवाणू मँगनीज ऑक्साइडवरच श्वसन भागवतात. ऑक्साइड विरघळतं आणि त्याला चिकटलेले धातू पुन्हा पाण्यात येतात. पावसाळ्यात जाम आणि कन्हान या नद्या मातीचे कण वाहून नेतात, तेव्हा त्यांवरचा धातूही सोबत जातो. विरघळलेला धातू मोजायचा असेल तर नमुना आधी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढतात, म्हणजे कणांवर बसून आलेला बहुतेक धातू मोजणीआधीच गाळणीवर राहतो.