प्रकल्प : वर्धा, कोसबाड आणि आपले तुळिंज

जूनमध्ये शाळा उघडली की आपल्या घरात 'प्रकल्प' हा शब्द येतो आणि दुकानातून तयार तक्ता आणून आपण मोकळे होतो. मूळ कल्पना मात्र याहून कष्टाची होती.

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेने डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. हातच्या उद्योगातूनच गणित, भाषा शिकवावी, असा तिचा आराखडा होता. टकळीवरचे सूत मोजता मोजता बेरीज यावी! योजनेवर वादही पुष्कळ झाले.

आज आपल्या पालघर जिल्ह्यात असलेल्या बोर्डी गावी ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरीची साधने महाग, म्हणून बिया, खडे, पाने, शिंपले वापरले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात गेली, तीच कुरणशाळा. मुले काय वेचतील व त्यावर काय विचारायचे, हे अशा वेळी शिक्षकाने आधीच योजावे लागते.

तुळिंजच्या शिक्षकाची मे महिन्यातील तयारी हीच. रुळांपलीकडे सोपारा आहे. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तेथील स्तूप उकरला. अरब प्रवासी मसूदीच्या ग्रंथात हे गाव 'सुबारा' म्हणून येते. एवढे मोठे बंदर, मग गलबते लागत ती खाडी आज कुठे आहे? मुलांनी हे आजोबांना विचारावे, नकाशा स्वतः काढावा, वाकडा आला तरी चालेल. शिक्षकाने मात्र आधी एकदा पायी जाऊन यावे, आणि मुलांना बसायला सावली कुठे आहे तेही पाहून ठेवावे.