‘ड्रीम्स’ आणि हौशी हातांवरचा आरोप

‘मीडिया मॉलिक्यूल’ या इंग्लंडमधल्या गेम-स्टुडिओविषयी एक मत आता रूढ झाले आहे. लोकांना खेळायला हवे असते, घडवायला नको असते. या मंडळींनी खेळाडूंच्या हाती अख्खी कार्यशाळा दिली, पण तिकडे फारसे कोणी फिरकले नाही. १ सप्टेंबर २०२३ पासून स्टुडिओने ‘ड्रीम्स’ या आपल्या खेळ घडवायच्या गेममध्ये नवी भर घालणे बंद केले आणि एका भाबड्या कल्पनेचा निकाल लागला.

या पूर्वपक्षात एक गोष्ट खरी आहे: घडवणारे नेहमी थोडेच असतात. पण म्हणून काय सिद्ध होते? दिवाळी अंक वाचणाऱ्यांच्या मानाने त्यात लिहिणारे मूठभर असतात. त्यावरून मराठी माणसाला लिहिण्याची हौस नाही, असे कोणी म्हणत नाही. आणि ही हौस काही या स्टुडिओने जन्माला घातलेली नाही. १९८३ सालच्या ‘लोड रनर’मध्येच स्वतःच्या लेव्हल रचायची सोय होती, आणि त्याच सुमाराच्या बिल बज यांच्या ‘पिनबॉल कन्स्ट्रक्शन सेट’मध्ये तर पिनबॉलची यंत्रे रचणे हाच खेळ होता.

मार्क हीली, अ‍ॅलेक्स एव्हान्स, डेव्ह स्मिथ आणि करीम एटूनी हे चौघे पीटर मॉलिन्यू यांच्या ‘लायनहेड’ स्टुडिओमधून बाहेर पडले आणि २००६ मध्ये त्यांनी गिल्डफर्डला ‘मीडिया मॉलिक्यूल’चा संसार थाटला. २००८ मध्ये प्लेस्टेशन ३ वर त्यांचा ‘लिटलबिगप्लॅनेट’ आला. त्यातला नायक कापडी बाहुला, आणि कारखाना सगळा स्पंज, लाकूड, दोऱ्या, पिस्टन आणि चुंबकी कळांचा. गेम दुकानात यायच्या आधी, चाचणीच्या काळातच, एका खेळाडूने याच पिस्टन-चुंबकांतून बेरीज-वजाबाकी करणारे गणकयंत्र उभे केले होते. स्टुडिओने पुढे अशा हौशी रचनाकारांपैकी काहींना नोकरीवरच घेतले. त्यांतला एक तर मुळात घरबांधणीचे काम करणारा होता. कार्यशाळेकडे कोणी फिरकले नाही म्हणणाऱ्यांनी या माणसांना कुठे बसवायचे?

मग ‘ड्रीम्स’चे काय बिनसले? २०१३ च्या फेब्रुवारीत त्याची पहिली झलक दिसली आणि पूर्ण गेम प्लेस्टेशन ४ वर हाती आला तो २०२० च्या फेब्रुवारीत. मधल्या काळात चित्र पडद्यावर उमटवण्याच्या एकामागून एक पद्धती लिहून टाकून दिल्या गेल्या. एव्हान्स यांनी २०१५ मध्ये एका परिषदेत त्या फसलेल्या प्रयोगांचाच पाढा वाचला (इतक्या मोकळेपणाने आपले अपयश सांगणारे या धंद्यात विरळा). हाती आलेले साधन विलक्षण होते. शिल्प, संगीत, हालचाल, तर्कजोडणी, सगळे एकाच ठिकाणी. स्टुडिओचा स्वतःचा ‘आर्ट्स ड्रीम’ हा कथाखेळही त्यातच घडवलेला. ते शिकायला वेळ लागे, हे मान्य. पण जो महिनोन्‌महिने खपून ते शिकला, त्याच्या हाती काय येई? ‘ड्रीम्स’मध्ये रचलेला खेळ ‘ड्रीम्स’मध्येच राही. तो स्वतंत्रपणे बाहेर काढून विकता येत नव्हता, संगणकावर नेता येत नव्हता. प्लेस्टेशन ५ २०२० मध्येच आला, तरी त्याच्यासाठी वेगळी आवृत्ती कधी निघाली नाही. स्टुडिओएवढ्याच वयाच्या ‘रोब्लॉक्स’ या खेळ रचायच्या मंचाने रचनाकाराला कमाईची वाट करून दिली. लहान मुलांच्या श्रमावरून त्या कंपनीवर टीका होते आणि ती मला रास्त वाटते. तरीही घडवणाऱ्यांची उणीव तिथे कधी भासली नाही.

सगळे खापर प्लेस्टेशनवाल्या सोनीवर फोडणेही सोपे आहे. २०१० मध्ये स्टुडिओ विकत घेऊन, दुसऱ्या कोणी धीर धरला असता की नाही अशा या कामाला तिने वर्षानुवर्षे पोसले. पण पोसणाऱ्याच्या एकाच यंत्रापुरती निर्मिती बांधली गेली, ही त्याची किंमत. गंमत अशी, की याच स्टुडिओच्या २०१३ च्या ‘टेअरअवे’मधले कागदी प्राणी मात्र घरी छापून, कापून, चिकटवून खरेखुरे करता येत. घडवलेली वस्तू यंत्राबाहेर कशी न्यावी, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही.

बंदिस्तपणाची खरी झळ ‘लिटलबिगप्लॅनेट’लाच बसली. सायबर-हल्ल्यांनी बेजार झालेले त्याचे प्लेस्टेशन ३ वरचे सर्व्हर २०२१ मध्ये कायमचे बंद झाले; तिसऱ्या भागाचे प्लेस्टेशन ४ वरचे सर्व्हर जानेवारी २०२४ मध्ये उतरवले ते पुन्हा सुरू झालेच नाहीत. ज्या लेव्हल कोणाच्या घरच्या यंत्रात साठवलेल्या नव्हत्या, त्या अधिकृत वाटेने मिळेनाशा झाल्या. ज्यांना घडवायची हौसच नव्हती असे म्हणतात, त्याच चाहत्यांनी जुन्या लेव्हलचे संग्रह जपून ठेवले आणि स्वतःचे सर्व्हर लिहून काढले. त्यांवर आजही नव्या लेव्हल चढतात.