लिंकनची सेडान कुणी संपवली?

आज गाड्यांचा इतिहास. पण इंजिन आणि हॉर्सपॉवरवर मी फार बोलणार नाहीये. आज बोलायचंय कायद्यांवर. थांबा, लगेच स्किप करू नका! लक्झरी सेडान का संपत चाललीय, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: लोकांची आवड बदलली. मला हे उत्तर अर्धंच वाटतं.

अमेरिकेतली लिंकन घ्या, फोर्डचा महागडा ब्रँड. १९६१ ची लिंकन कॉन्टिनेन्टल म्हणजे लांबलचक, बुटकी, सरळ रेषांची गाडी. मागचे दरवाजे उलट्या बाजूने उघडायचे. १९६३ मध्ये डॅलसला राष्ट्राध्यक्ष केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा ते याच मॉडेलच्या उघड्या गाडीत बसले होते. त्या काळी बड्या माणसाची गाडी म्हटलं की हीच डोळ्यासमोर यायची.

मग १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, पंपांवर रांगा लागल्या. १९७५ मध्ये अमेरिकेने कायदा केला: प्रत्येक कंपनीच्या गाड्यांचं सरासरी मायलेज वाढलंच पाहिजे. कारसाठी १९८५ पर्यंतचं लक्ष्य होतं गॅलनला २७.५ मैल, म्हणजे लिटरला साधारण ११.७ किलोमीटर. पण 'हलक्या ट्रक'साठी वेगळं, सैल माप. हेतू वाईट नव्हता. शेतकऱ्याला, सुताराला पिकअप लागतोच, त्याच्यावर बोजा कशाला?

आता गंमत बघा. पिकअपच्याच चासीवर बंद बॉडी चढवली, आत सीटं टाकली, तरी कायद्याच्या लेखी तो ट्रकच! १९७८ मध्ये जास्त पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांवर कर आला, तो फक्त कारवर. १९९१ पासून ३०,००० डॉलरच्या वरच्या गाड्यांवर लक्झरी टॅक्स लागला. त्यातूनही भारासकट ६,००० पौंडांच्या वर जाणाऱ्या एसयूव्ही सुटल्या. म्हणजे गाडी जितकी जड, तितकी सूट.

लिंकनने हे बरोबर हेरलं. १९९७ मध्ये त्यांनी नॅव्हिगेटर आणली. खाली पिकअपचा सांगाडा, वर लेदर आणि क्रोम. बनवायला स्वस्त, विकायला महाग. पुढच्याच वर्षी कॅडिलॅकची एस्कलेड आली. २००३ मध्ये तर छोट्या व्यावसायिकांना जड एसयूव्हीचे १ लाख डॉलरपर्यंतचे पैसे पहिल्याच वर्षी खर्चात दाखवता येऊ लागले. ओरड झाल्यावर २००४ मध्ये ती मर्यादा २५,००० वर आणली. पण तोवर सवय लागली होती. २०१८ मध्ये फोर्डने उत्तर अमेरिकेतल्या सेडान बंद करायचं जाहीर केलं. २०२० मध्ये शेवटची कॉन्टिनेन्टल बनली. आज अमेरिकेत लिंकन फक्त एसयूव्ही विकते.

सगळं खापर कायद्यावर फोडणंही बरोबर नाही. उंच सीट लोकांना खरंच आवडते. आपल्याकडे २०१७ मध्ये जीएसटीवरचा सेस मोठ्या सेडानला २० टक्के आणि एसयूव्हीला २२ टक्के होता. तरी एसयूव्हीच जिंकली! आपल्या रस्त्यांवरचे खड्डे बघता नवल नाही.

मग पुढे काय? कूपेची जागा आक्रसतेय. मर्सिडीजने सी आणि ई क्लासच्या दोन कूपेंऐवजी २०२३ मध्ये सीएलई ही एकच आणली. सेडान मात्र तिथे टिकलीय, जिथे मालक मागे बसतो. म्हणून तर पुण्याजवळ चाकणला ई क्लासची लांब व्हीलबेसवाली आवृत्ती बनते. ती खपते, कारण मागे पाय पसरता येतात.

आणि नियम पुन्हा बदलू शकतात. पॅरिसमध्ये २०२४ मध्ये लोकांनी मतदान केलं आणि बाहेरून येणाऱ्या जड गाड्यांचं पार्किंग तिप्पट महाग झालं. तिथे वजनाला सूट मिळत नाही, दंड बसतो. बुटकी, हलकी गाडी कमी हवा कापते, कमी इंधन खाते, हे भौतिकशास्त्र १९७५ पासून बदललेलं नाही. बदलला तो हिशेब, आणि तो माणसांनीच लिहिलाय. तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'मार्केटला हेच हवंय' म्हणालं, तर विचारा: मार्केटचे नियम कुणी लिहिले?

तुमच्या घरी आधी सेडान होती आणि आता एसयूव्ही आलीय का? का बदलली, नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!