जंजिऱ्यातील गोडे पाणी

मुरुड या नावाची गावे महाराष्ट्रात एकाहून अधिक आहेत. दापोलीजवळील मुरुड महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव म्हणून सर्वांस ठाऊक आहे. रायगड जिल्ह्यातील मुरुड जंजिऱ्याच्या किल्ल्यामुळे नावारूपास आले. आणि आमचे मुरुड लातूर जिल्ह्यात, काळ्या मातीच्या प्रदेशात, समुद्रापासून फार दूर वसलेले आहे. परगावी कोणी गावाचे नाव विचारले व आपण ‘मुरुड’ असे सांगितले, की ऐकणारा लागलीच किल्ल्याची व समुद्राची चौकशी करू लागतो, आणि आपणांस हसू येते. तथापि या नामसादृश्याकडे थोडे निराळ्या दृष्टीने पाहावयास हरकत नाही. मराठवाड्यातील मनुष्याने मुद्दाम वाट वाकडी करून पाहावे असे त्या लहानशा बेटात काय आहे, हे वाचकांपुढे मांडावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जंजिरा हा शब्द अरबी ‘जझीरा’ म्हणजे बेट, यावरून आला. राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी, भर पाण्यात, अवघ्या बावीस एकरांचा हा खडक आहे. किनाऱ्यावरून शिडाच्या होडीत बसावे, म्हणजे थोडक्याच वेळात तटाशी पोहोचता येते. मात्र दरवाजा अगदी जवळ जाईतो दृष्टीस पडत नाही. सुमारे चाळीस फूट उंचीचा तट, एकोणीस बुरूज, आणि बुरुजांवर कलालबांगडी, चावरी, लांडा कासम अशा नावांच्या तोफा. येणारा पाहुणा हे सर्व पाहतो, तोफेवर हात ठेवतो आणि ‘हा किल्ला कधी कोणाच्या हाती लागला नाही’ हे वाक्य ऐकून परत फिरतो.

परंतु पाहुण्याची दृष्टी निराळी व रहिवाशाची निराळी. जंजिरा हा केवळ लष्कराचा तळ नव्हता. ते नांदते गाव होते. तटाच्या आत तीन मोहल्ले होते. त्यांपैकी दोन मुसलमानांचे व एक इतर लोकांचा. वाडे होते, मशीद होती, लेकरेबाळे होती. अशा ठिकाणी राहणाऱ्यास तोफेची आठवण वर्षातून चार वेळा होईल. पाण्याची मात्र रोज प्रातःकाळी होणार. चोहोंकडे समुद्र, आणि त्यातील एक थेंबही ओठांस लावण्याजोगा नाही! म्हणून त्या बेटाचा खरा मानबिंदू पाहावयाचा असेल, तर तटावरून खाली उतरून किल्ल्याच्या मध्यभागी यावे. तेथे गोड्या पाण्याचे दोन तलाव आहेत.

कोकणात पर्जन्य विपुल. मुरुडच्या किनाऱ्यावर वर्षास जेवढा पाऊस पडतो, तो आमच्या लातूरच्या तिपटीहून अधिक भरतो. परंतु तो चार महिन्यांत कोसळतो आणि खडकावरून वाहून समुद्रास मिळतो. त्यास अडविणारा कोणी नसेल तर ज्येष्ठातील विपुलता वैशाखात काय कामाची? जंजिऱ्याच्या रहिवाशांनी ते पाणी धरून ठेवले, आणि म्हणूनच वेढा पडला असता त्यांस तहानेने दरवाजा उघडावा लागला नाही. तट शत्रूस बाहेर ठेवतो, हे खरे; पण आतील माणसास आत ठेवतो तो पाणवठाच.

या बेटाचे पहिले रहिवासी कोळी होत. राम पाटील नावाच्या त्यांच्या नायकाने चाचे लोकांपासून रक्षणार्थ लाकडी मेढेकोट उभारला होता, आणि निजामशाहीचा सरदार पिरमखान याने व्यापाऱ्याच्या वेषाने, मद्याची पिंपे गलबतात घेऊन, तो कपटाने घेतला, अशी परंपरागत कथा आहे. पुढे सोळाव्या शतकात दगडी किल्ला झाला. अहमदनगरच्या निजामशाहीचा आधारस्तंभ मलिक अंबर याच्या काळी, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, तेथे सिद्दी सरदारांचा अंमल स्थिर झाला.

येथे मराठवाड्याच्या वाचकाने क्षणभर थांबावे. कारण मलिक अंबर हा आपल्या इतिहासातलाच पुरुष होय. आफ्रिकेतील हबसाणात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा मनुष्य स्वपराक्रमाने दख्खनचा कारभारी झाला. इ. स. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यावर परंड्यास नव्या निजामशहाची गादी मांडली गेली, त्या उद्योगात तोच प्रमुख होता. त्याने १६१० च्या सुमारास खडकी हे नगर वसविले. तेच पुढे औरंगाबाद झाले व आज छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखले जाते. त्या नगरास त्याने डोंगरांतून भूमिगत नळांनी पाणी आणले; ती ‘नहर-ए-अंबरी’ अजून त्याची साक्ष देते. एकाच राज्याच्या छायेखाली डोंगरातले पाणी पठारावरील शहरात आणले गेले आणि आकाशातले पाणी समुद्रातील खडकावर साठविले गेले. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता, आणि तोच आमचाही प्रश्न आहे.

बेटाचे जीवन किती पराधीन असते, हे शिवछत्रपतींनीही ओळखले होते. जंजिरा घेण्याचे त्यांचे प्रयत्न अनेक वेळा झाले. त्याच समुद्रात कांसा नावाच्या बेटावर त्यांनी पद्मदुर्ग उभारला, आणि तेथील आरमारास रसद पोहोचविण्यात हयगय करणाऱ्या अंमलदारास १६७५ मध्ये कडक शब्दांत पत्र लिहिले. धान्य व पैका वेळेवर न पोहोचला तर बेटावरील शूर शिपाईही निरुपाय होतो, हे त्यांस पुरते ठाऊक होते. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी किनाऱ्यापासून बेटापर्यंत सेतू बांधण्याचा उद्योग आरंभिला. परंतु मोगलांच्या स्वारीमुळे तो अर्ध्यावर राहिला.

पुढे संस्थानाचा कारभार किनाऱ्यावरील मुरुड गावात आला. नबाब सिद्दी अहमदखान याने तेथे वाडा बांधला, आणि गावास पाणी मिळावे म्हणून गारंबीचे धरण केले. १९४८ मध्ये जंजिरा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. राजाश्रय संपला, चाकरी संपली, आणि बेटावरील वस्ती हळूहळू उठून किनाऱ्यावर गेली. आज वाड्याच्या भिंती उघड्या पडल्या आहेत, मोहल्ल्यांतून झाडोरा माजला आहे. तलाव मात्र आपल्या जागी आहेत.

हे दृश्य लातूरकराच्या मनात निराळाच विचार उत्पन्न करते. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले, आणि एप्रिल महिन्यात मिरजेहून आगगाडीने लातूरास पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीस दहा वाघिणी होत्या, आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. शेकडो मैल लोहमार्गावरून आलेले ते पाणी पाहण्यास लोक जमले होते. त्या उन्हाळ्यात लातूर हेच एक बेट झाले होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. भोवती खारा समुद्र नव्हता, कोरडी जमीन होती, एवढाच काय तो भेद. जंजिऱ्यावर पाणी राहिले व माणसे गेली. आमच्याकडे पाणी गेले, तरी माणसे राहिली. राहिली आहेत तोवर त्यांनी पाणी धरून ठेवण्याची विद्या शिकून घेतली पाहिजे; नाही तर आमच्या वाड्यांच्या भिंतीही कोणी पाहुणा येऊन पाहील.

ज्यांस तेथे जावयाचे असेल त्यांनी पावसाळा टाळावा. त्या दिवसांत समुद्र खवळतो व होड्या बंद असतात. अलिबागेहून रेवदंड्यावरून मुरुडास जाताना वाटेत कोर्लई लागते. तेथे आपल्या कॅथोलिक बांधवांची वस्ती आहे, आणि १७४० मध्ये पोर्तुगीज सत्ता जाऊनही त्यांच्या घरांत पोर्तुगीजवरून घडलेली त्यांची स्वतःची बोली आजतागायत चालते. सत्ता जाते, तट पडतात. पण जे रोज वापरले जाते ते टिकते, याचा हा दुसरा दाखला. तेथे घटकाभर थांबून मगच पुढे जावे.

आणि बेटावर गेल्यावर तोफा अवश्य पाहाव्या, तटावरून सूर्यास्ताकडे तोंड करून उभे राहावे. परंतु होडीवाल्याने परतण्याची हाक देण्यापूर्वी तलावाच्या काठी थोडा वेळ बसावे. तेथे एके काळी घागर घेऊन उतरणाऱ्या स्त्रियांचे नाव कोणत्याही बखरीत नाही. पण तो किल्ला अजिंक्य राहिला, त्याचे अर्धे श्रेय ज्यांनी त्या पाण्याचा काटकसरीने उपयोग केला त्यांचेच आहे. आपल्या गावी परतल्यावर आपली विहीर, आपला नाला व आपल्या छपरावरून वाहून जाणारे पावसाचे पाणी यांजकडे पाहण्याची दृष्टी बदलली, तर तो प्रवास सार्थकी लागला असे समजावे.