एक रुपयाचं भुयार

आत येताना दारात एका काकांनी मला थांबवून विचारलं, "सर, इतिहासाच्या व्याख्यानात व्हिडिओ गेम कशाला?" प्रश्न रास्त आहे. चारठाण्याच्या मंदिरांवर आपण बोलतो, वालूरच्या गोल बारवेवर बोलतो, कारण दगड टिकले. पण नव्वदच्या दशकात परभणीतल्या आणि तालुक्याच्या गावांतल्या पोरांनी शाळा सुटल्यावर ज्या अंधाऱ्या गाळ्यांत आपला वेळ आणि घरच्यांचे सुटे पैसे घातले, त्या गाळ्यांचं काय उरलं? आपल्या जिल्ह्याचं गॅझेटियर १९६७ सालचं आहे, त्यात हे असणं शक्यच नाही. आणि त्यानंतर कुणी लिहून ठेवायचं म्हणून हे लिहिलेलं नाही. म्हणून आज हा विषय.

व्हिडिओ गेमचा सगळा इतिहास मी सांगणार नाही. एकाच जातीच्या खेळाबद्दल बोलतो. भुयारात शिरायचं, समोर येईल त्याच्याशी लढायचं, चावी शोधायची, खालच्या मजल्यावर उतरायचं आणि मेलात की पुन्हा पहिल्यापासून. इंग्रजीत याला डंजन म्हणतात. आपल्याकडे अंधारकोठडी म्हणा, तळघर म्हणा, भुयार म्हणा. मराठवाड्याच्या माणसाला ही कल्पना नवी नाही. गावागावात "इथून भुयार निघतं ते थेट देवगिरीला" असं सांगणारा एकतरी म्हातारा असतोच. खरं भुयार देवगिरीवर आहे. शाळेच्या सहलीत तुम्ही सगळे त्या अंधारीतून गेला असाल. वळणं फसवी, पायऱ्या कमी-जास्त उंचीच्या, आणि वरच्या तोंडाशी विस्तव पेटवून आत धूर सोडायची सोय. ज्यानं ती खोदली त्याचा हेतू स्वच्छ होता: आत आलेला माणूस वर पोचता कामा नये. हे लक्षात ठेवा. भुयारात माणूस का पडतो, हे भुयार बांधणारा ठरवत असतो. आज मला एवढंच सांगायचंय, बाकी सगळे दाखले.

आता थोडं अमेरिकेत जाऊ. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. पडदा नाही, यंत्र नाही. कागद, पेन्सिल, फासे आणि एक जण गोष्ट सांगणारा. पुढं १९८० च्या सुमारास विद्यापीठातल्या पोरांनी ‘रोग’ नावाचा संगणकावरचा खेळ लिहिला. त्यात चित्रं नव्हती, नुसती अक्षरं. खेळणारा म्हणजे ॲट द रेटची खूण, ती ईमेलमध्ये असते ना, ती. भुयार दर वेळी नवीन तयार व्हायचं आणि मेलात की संपलं. पण विद्यापीठाच्या संगणकावर खेळायला पैसे पडत नव्हते. पोरगं रात्रभर मरत बसलं तरी कुणाचं नुकसान नव्हतं.

१९८५ मध्ये अटारी गेम्स कंपनीच्या एड लॉगनं ‘गॉन्टलेट’ बाजारात आणला, तिथं हे बदललं. लॉग म्हणजे ‘ॲस्टेरॉइड्स’ करणाऱ्यांपैकी एक, दुकानात ठेवायच्या यंत्राचा पक्का कारागीर. त्याचा मुलगा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या नादी लागला होता, तिथून त्याला कल्पना सुचली. आधी त्यानं खेळाचं नावच ‘डंजन्स’ ठेवलं होतं, पण ते नोंदवता येईना म्हणून बदललं. एका पेटीवर चार जण एकदम खेळणार: योद्धा, वीरांगना, जादूगार आणि एल्फ नावाचा तिरंदाज. वरून दिसणारं भुयार, आणि भुतं एका ठिकाणाहून सारखी पैदा होत राहणार.

यातली खरी मेख वेगळीच होती. तुमच्या नावापुढं तब्येतीचा एक आकडा असायचा. मार बसला की तो कमी होणार, हे ठीक. पण तुम्ही काहीच न करता कोपऱ्यात उभे राहिलात तरी तो आकडा उतरत राहायचा. टिक, टिक, टिक. अन्न सापडलं तर थोडा वर जायचा, आणि ते अन्नही घाईत आपल्याच बाणानं नासायचं. आकडा खाली आला की यंत्रातून आवाज यायचा, अमक्याला भूक लागलीय म्हणून. त्यावर उपाय काय? आणखी एक नाणं टाका, तब्येत वाढते. मरेपर्यंत थांबायचीही गरज नाही. आणि भुयाराला शेवटच नव्हता.

मीटरवर चालणारी रिक्षा असते, तसंच हे. सिग्नलला उभी असली तरी पैसे पडतात. भुयारात आता राक्षस दुय्यम झाला. मारत होतं ते दुकानदाराचं घड्याळ.

आता परभणी. ‘गॉन्टलेट’ची पेटी आपल्याकडं मी कधी पाहिली नाही. आपल्याकडं राज्य होतं ‘मुस्तफा’चं. (हशा) बघा, मागच्या ओळीतले लोक हसले, म्हणजे बरोबर वयाची मंडळी आलीत. त्या खेळाचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं १९९३ मध्ये काढलेला. त्यातल्या चार पात्रांपैकी एकाचं नाव मुस्तफा, आणि भारतभर पोरांनी अख्ख्या खेळाला त्याचंच नाव दिलं. गंमत अशी, की त्याच कंपनीनं त्याच सुमारास ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा परवाना घेऊन ‘टॉवर ऑफ डूम’ नावाचा भुयाराचा खेळही काढला होता. आपल्याकडं भुयार पोचलं नाही, गल्लीतली हाणामारी पोचली. पण नाण्याचा नियम तोच होता. मेलात की पडद्यावर उलटे आकडे सुरू: नऊ, आठ, सात... आणि पोरगं खिसा चाचपतंय.

माझ्या आठवणीतला गाळा बसस्टँडपासून चालत दोन मिनिटांवर होता. दाराला पडदा, आत ट्यूबलाइट बंद, तीन पेट्या. एक रुपयाला एक चान्स. मागं उभी राहिलेली पोरं खेळणाऱ्यापेक्षा जास्त ओरडायची. एका रुपयात शेवटच्या राक्षसापर्यंत जाणारं पोरगं म्हणजे गल्लीतला पैलवान. मालक मात्र त्याच्याकडं वाकड्या नजरेनं बघायचा. त्याचा हिशेब सरळ होता: एक पेटी, तासाला किती रुपये? चांगलं खेळणारं गिऱ्हाईक त्याला परवडायचं नाही.

या पेट्यांमध्ये एक सोय असते. आतल्या सर्किट बोर्डावर बारीक खटक्यांची एक ओळ. डिप स्विच म्हणतात त्यांना. त्यांनी ठरतं खेळ किती अवघड, एका नाण्याला किती जान. काही वर्षांपूर्वी एका जुन्या मालकाशी बोलताना मी सहज विचारलं, खटके कधी हलवायचात का? तो म्हणाला, "बाजाराच्या दिवशी." आठवडी बाजाराला खेड्यापाड्यांतून बापाबरोबर लेकरं यायची. बाप बी-बियाणं घेईपर्यंत लेकरू एक-दोन रुपये घेऊन गाळ्यात. त्या दिवशी खेळ अवघड करून ठेवायचा, म्हणजे रांग पुढं सरकते. मी खेड्यातलंच लेकरू. बाजाराच्या दिवशीच गाळ्यात जायचो. कित्येक वर्षं मला वाटत होतं, शहरातली पोरं हुशार आणि आपला हात जड.

राग आला का? थोडा आला. पण त्यालाही गाळ्याचं भाडं होतं, लाइटबिल होतं. आणि लाइट गेली की काय, हे तर विचारूच नका. २००५ नंतरच्या काही वर्षांत लोडशेडिंग आलं, तेव्हा तासन्‌तास पेट्या काळ्या. नाणं टाकलं, मुस्तफा चालू लागला, आणि पडदा गेला. रुपया परत मागायचा की नाही, यावर होणारी भांडणं मी ऐकलीयत.

खरं भुयार आपल्याकडं आलं ते दुसऱ्या वाटेनं, कॉम्प्युटर क्लासमधून. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. जॉर्डन मेकनर या तरुणानं १९८९ मध्ये केलेला खेळ. धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्यानं त्याची फिल्म काढली आणि त्यावरून राजपुत्राची चाल रेखाटली. म्हणून ती चाल इतकी माणसासारखी. तुरुंगातून सुरुवात, जमिनीतून वर येणारे खिळे, निखळणाऱ्या फरशा, बाटल्यांतलं औषध. अंधारी पाहिलेल्या पोराला हे सगळं ओळखीचं. इथं नाणं नव्हतं. कितीही वेळा मरा, तो टप्पा पुन्हा सुरू. पण सगळ्या खेळाला साठ मिनिटं, आणि मेल्यानं घड्याळ मागं जात नाही.

आणि आमचं प्रॅक्टिकलही एक तासाचं. फी बापानं भरलेली, डॉस शिकायला. राजपुत्राचा तास आणि आमचा तास बरोबरच संपायचा. खेळ सेव्ह करता यायचा, पण एका मशीनवर एकच. आपल्या मागच्या बॅचचा पोरगा बसला की आपली सगळी कमाई पुसली जायची.

आता एक पाऊल बरंच मागं टाकतो, सातशे वर्षं. मोक्षपट तुम्हाला माहीत आहे. सापशिडीचं आपलं जुनं रूप. परंपरा तो ज्ञानेश्वरांचा सांगते. जुने पट रा. चिं. ढेऱ्यांच्या संग्रहात होते. कवड्या टाकून खेळायचा. जन्माच्या घरातून निघायचं आणि मोक्षाकडं जायचं. साप चावला की खाली, पण साप कुठला हे घरावर लिहिलेलं: काम, क्रोध, लोभ. तुम्ही का पडलात हे पट तुम्हाला तोंडावर सांगतो. हाच खेळ १८९० च्या दशकात इंग्लंडमध्ये विकायला आला, आणि पुढं घरांवरची ती नावं गळून गेली. साप राहिले, कारण गेलं.

हे मला आजच्या खेळांमुळे आठवतं. गेली दहा-पंधरा वर्षं जुन्या वळणाच्या भुयारी खेळांची पुन्हा चलती आहे. मुद्दाम मोठमोठ्या ठिपक्यांची चित्रं, मुद्दाम जुना आवाज, आणि मेलात की पहिल्यापासून. मोबाइलवर, घरच्या संगणकावर. २०१७ मध्ये आपल्या शेजारच्या हैदराबादेत ऑगर हेड स्टुडिओनं ‘असुर’ काढला, त्यातही भुयार दर खेपेला नवं बनतं. पैसे एकदाच द्यायचे, मग हजार वेळा मरा. नाणं गेलं, भाडं गेलं, मालक गेला, पण मरण मात्र तितकंच कडक ठेवलंय. का? पुष्कळ खेळांत याचं उत्तर एवढंच, की तेव्हा तसं होतं. मला ते पटत नाही. बाजाराच्या दिवसाचा खटका ‘परंपरा’ म्हणून कुणी जपून ठेवावा, तसं वाटतं ते.

काहींनी मात्र विचार केलाय. २०२० चा ‘हेडीज’ घ्या. ग्रीक पाताळाच्या राजाचा मुलगा बापाच्या घरातून पळू बघतो, मरतो, आणि दर वेळी त्याच घरात परत येतो. पण परत आला की घरातली माणसं त्याच्याशी नवं काही बोलतात, गोष्ट पुढं जाते. मरण इथं दंड नाही, फेरा आहे. तो खेळ करणाऱ्यांनी मोक्षपट पाहिला असेल असं मी म्हणत नाही. पण माझ्या हिशेबी तो ‘गॉन्टलेट’पेक्षा मोक्षपटाच्या जवळ बसतो.

जाता जाता त्या मालकाचं सांगतो. गाळा केव्हाच बंद झाला, आता तिथं मोबाइलचं दुकान आहे, त्याचंच. पेट्या भंगारात गेल्या, लाकूड कुजलं होतं. पण मुस्तफाचा बोर्ड त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. मला दाखवला. खटक्यांची ओळ होती, त्यातले दोन वर सरकवलेले. मी म्हटलं, मला द्या, जपून ठेवतो, कुठल्यातरी संग्रहालयाला देऊ. त्यानं पुन्हा कागदात गुंडाळला आणि म्हणाला, "थांबा सर, आधी चालू होतो का बघू द्या."