जस्ताची वडी

मांडव्याचा धक्का सोडून दहाएक मिनिटे झाली असतील. जात्यात खडा अडकावा तसा एक कर्कश आवाज बोटीच्या पिछाडीतून आला, आणि पाठोपाठ पंखा फिरायचा थांबला. इंजिन चालू होते, पण बोट जागची हलेना. बोटीत मेहुण्याची दोन मुले होती, भरतीचे पाणी होते, आणि मोठ्या जहाजांची वाट काही फार दूर नव्हती. मुलांना लाइफ जॅकेट घट्ट करायला सांगताना माझा आवाज किती कापत होता, हे माझे मलाच ठाऊक. सुदैवाने एका मासेमारी बोटीच्या तांडेलाने आम्हांला पाहिले, दोर टाकला आणि ओढत धक्क्याला आणून सोडले.

तांडेलाने आमच्या बोटीच्या पिछाडीकडे एकदा निरखून पाहिले आणि विचारले, "साहेब, या झिंकला रंग कोणी लावला?"

"मीच लावला," मी म्हणालो. रंग लावल्यावर तो पाय किती देखणा दिसू लागला होता, हेही सांगणार होतो.

"मग झिजणार कसा तो? तो झिजला नाही म्हणून बाकीचे झिजले."

एवढे बोलून तो निघून गेला. पैसे देऊ केले, ते घेतले नाहीत. त्याच्या त्या एका वाक्याने मात्र मला पुढचे तीन रविवार कामाला लावले, आणि त्यानंतर कित्येक रात्री इतिहासाची पुस्तके चाळायला लावली.

आमच्या बोटीच्या यंत्राला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. इंजिन मोटारीसारखेच, बोटीच्या पोटात बसवलेले. पंखा मात्र पिछाडीबाहेर लोंबणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पायाच्या टोकाला. इंजिनाची गती आडव्या दांड्याने बाहेर येते, दात्यांच्या चाकांवरून खाली वळते आणि तळाशी पुन्हा आडवी होऊन पंख्याला मिळते. पाय डावी-उजवीकडे वळला की बोट वळते. उथळ पाण्यात तो वर उचलताही येतो. तो वळताना दांड्याची गती तुटू नये म्हणून आत एक जोड असतो. गॅरेजवाले त्याला नुसते 'क्रॉस' म्हणतात. सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने ज्याचे वर्णन केले, तोच हा जोड. अमेरिकन इंजिनियर जिम विन यांच्या कल्पनेवरून स्वीडनच्या व्होल्व्हो पेंटा कंपनीने असे यंत्र 1959 साली न्यूयॉर्कच्या बोट-प्रदर्शनात मांडले, आणि घरगुती बोटींच्या जगाचा नूरच पालटला.

मेहुण्याने आणि मी तो पाय उतरवून अंगणात आणला. तळाचा स्क्रू काढला, तो आतून तेलाऐवजी ताकासारखे पांढरे पाणी वाहू लागले. समुद्र आत शिरला होता. ऑइल सील ज्या कडेवर बसते तेथेच ॲल्युमिनियमला खड्डे पडले होते, वर पांढरी भुकटी जमली होती, आणि बेअरिंग गंजून गेले होते. जस्ताची वडी मात्र माझ्या रंगाखाली नव्या नवरीसारखी अस्पर्श होती!

याचे मर्म पुस्तकांत सापडले, तेही अडीचशे वर्षांपूर्वीच्या. लाकडी जहाजांचे तळ किडे पोखरीत, म्हणून इंग्रजांच्या आरमाराने 1761 साली 'अलार्म' या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. दोन वर्षांनी पाहतात तो पत्रे शाबूत, पण जेथे लोखंडी खिळे तांब्याला भिडले होते तेथे ते खिळे गळून गेलेले. काही ठिकाणी मात्र पत्र्याबरोबर आलेला तपकिरी कागद मध्ये तसाच राहिला होता. तेथले लोखंड धडधाकट होते. दोन धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना भिडले की विजेचा घट तयार होतो आणि त्यांतला दुबळा धातू विरघळतो. हे ज्ञान तेव्हा कोणालाच नव्हते. कागदाने मात्र आपले काम चोख केले.

ज्ञान आले ते सर हम्फ्री डेव्हीमुळे. रॉयल सोसायटीचा हा अध्यक्ष म्हणाला, की दुबळा धातू विरघळतोच, तर मुद्दामच एक दुबळा धातू जोडून द्यावा. तांब्याला लोखंडाचा किंवा जस्ताचा तुकडा लावावा. तो झिजेल, तांबे वाचेल. 1824 साली 'समरांग' या जहाजावर प्रयोग झाला. हे जहाज आपल्याच देशात, कोचीनला बांधलेले. प्रयोग यशस्वी झाला, तांबे वाचले. आणि येथेच घात झाला. तांबे थोडे थोडे विरघळे, त्याच विषामुळे तळाला शेवाळ आणि शंख-शिंपले चिकटत नसत. विरघळणे थांबले, तसे जहाजांचे तळ शिंपल्यांनी मढले आणि गती मंदावली. काही वर्षांतच आरमाराने ती योजना गुंडाळली. डेव्हीची टवाळी झाली. 1829 साली जिनिव्हात तो वारला तेव्हा अवघा पन्नास वर्षांचा होता.

पण कल्पना मेली नाही. पुढे लोखंडी जहाजे आली, त्यांच्या मागे पितळी पंखे आले, आणि लोखंडाला वाचवायला जस्ताची वडी पुन्हा हजर झाली. तीच आज माझ्या ॲल्युमिनियमच्या पायावर. 'अलार्म'च्या कागदाने दोन धातूंची भेट टाळून लोखंड वाचवले. माझ्या रंगाने समुद्राची आणि जस्ताची भेट टाळली, आणि ज्याला मरायचे त्याला जगवून ज्याला जगवायचे त्याला मारले.

खड्डे वेल्डिंगने भरून घेतले आणि ती कड लेथवर साफ करून आणली. बाकीचे सारे घरी केले. नवे बेअरिंग, नवी सील, नवा क्रॉस, आणि क्रॉसभोवतालचा रबरी भाताही नवा. सायकलच्या पंपाने आत बेताची हवा भरून साबणाच्या पाण्याने फुगे येतात का पाहिले. तेल खालच्या भोकातून भरले, म्हणजे आतली हवा वरून निघून जाते. वरच्या भोकात तेल दिसले तेव्हा मेहुण्याने टाळ्याच वाजवल्या. शेवटी जस्ताची नवी वडी बसवली. तिच्याखालची जागा पॉलिशपेपरने चकचकीत घासली, कारण धातूला धातू भिडलाच पाहिजे. रंगाचा डबा कुलपात ठेवला.

यंदा हंगाम संपल्यावर वडी काढून पाहिली. निम्मी झिजली होती; खडबडीत, काळपट, कुरूप. त्या तांडेलाला ती दाखवावी म्हणून धक्क्यावर गेलो. त्याने ती हातात घेऊन तोलली आणि म्हणाला, "आता बरोबर झिजतेय. दुसरी आणून ठेवा."

दुसरी आणून ठेवली आहे.