समुद्र नाही, वैनगंगा आहे

धाकट्या नातीने कुठल्याशा पुस्तकात ग्रीसची बेटे पाहिली : निळे पाणी, पुळण, भग्न देवळे. "आजोबा, आपल्या भंडाऱ्याकडे असले काही का नाही?" सुट्टीत मी तिला पवनीला नेले. एका अंगाला वैनगंगा, बाकीच्या अंगांना जुना तट नि खंदक. घाटाच्या पायऱ्यांवरून पोरीला उठवेना. मग जगन्नाथ टेकडी. १९६९-७० च्या उत्खननात तिच्या पोटातून निघाला दोन हजारांहून अधिक वर्षांचा विटांचा बौद्ध स्तूप! तिथे सापडलेल्या एका स्तंभावर मुचलिंद नाग रिकाम्या आसनावर फणा धरून आहे. बुद्धाची मूर्ती घडवण्याचा प्रघात तेव्हा पडायचा होता. "मग नाग राखतो कुणाला?" सात दिवसांच्या त्या पावसाची कथा सांगत मी तिला पुन्हा घाटावर आणले.